करडं पाणी

ही गोष्ट माझ्या घरात घडली. मित्राच्या मावशीच्या गावात नाही, कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात, केरीला, पेडणे तालुक्यात.

ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये येऊन माझ्याशी वाद घालू नये. मला राग पटकन येतो. आणि त्या रागामुळेच हे सगळं झालं.

मी सिद्धी. सतरा वर्षांची. दहावी अर्ध्यावर सोडली. का सोडली ते इथे सांगत बसत नाही.

गेल्या वर्षीचा कार्तिक. शुक्रवार. संध्याकाळचे सव्वापाच.

हो, संध्याकाळचे. लोकांना वाटतं असलं काही बाराच्या ठोक्याला होतं. आमच्याकडे जे झालं ते सगळं तिनसांजेला झालं. पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकत फिरतो, त्या वेळेला. शेजारपाजारची माणसं दारात उभी असताना.

आमच्या घरापासून फेरीचा धक्का पाच मिनिटांवर आहे. तिथून फेरीबोट पलीकडे तेरेखोलला जाते. धक्क्याच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. गावात कोण गेलं की अस्थी तिथेच सोडतात.

पण कधीही नाही. सुकतीलाच.

म्हणजे पाणी ओसरत असतं तेव्हा. मग खाडीचं पाणी अस्थी घेऊन थेट दर्यात जातं. भरतीला सोडल्या तर पाणी त्या परत पायरीला आणून ठेवतं. हे केरीत लहान पोराला पण ठाऊक.

त्या दिवशी भिकाजीकाकाच्या अस्थी होत्या.

भिकाजीकाका आमच्या बाजूच्या घरातला. होडीवाला. जाळं शिवता शिवता छातीत कळ आली आणि गेला. मागे बायको सुशीलामावशी आणि एकटाच मुलगा, अक्षय. अक्षय माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पेडण्याला आयटीआय करत होता. लहानपणापासून आम्ही भांडत आलो. त्याच्याइतकं मला कोण हसवत पण नाही.

भटजी दुपारी दोनला यायचा होता. त्याची स्कूटर हरमलला पंक्चर झाली. आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पाणी फिरलं होतं. भरती लागली होती.

"आता उद्यार ढकलूक नको," कोणीतरी म्हणालं.

सोडल्या.

आमच्या मागच्या खोलीत आम्ही पाहुणे ठेवतो. तेव्हा पुण्याचे एक चित्रकार उतरले होते. रामचंद्रकाका, सत्तरीचे. रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून पाण्याच्या रंगात चित्र काढायचे. त्यांचं स्टूल आणि पिशवी उचलायचं काम आईने माझ्या गळ्यात मारलं होतं.

"मग काय, शाळा सोडून पुढे काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं. रोज विचारायचे.

"तुमची पिशवी उचलणार."

ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

त्यांनी प्लास्टिकची बरणी माझ्या हातात दिली. "नळाचं आण हं. गोडं पाणी. खाऱ्या पाण्याने रंग नीट वाळत नाहीत."

नळ फेरीच्या शेडपाशी. तिथे भिकाजीकाकाची माणसं हातपाय धूत होती. अक्षय पण होता, मुंडण केलेला, पंचा गुंडाळलेला. त्याच्यासमोर रंगाची बरणी घेऊन कशी जाणार? मी थांबले. तेवढ्यात मागून म्हातारा ओरडला, "अगं लवकर, उजेड चाललाय. पाणीच आणायचंय, गणित नाही सोडवायचंय."

माझं डोकं फिरलं.

मी वळले, पायऱ्या उतरले आणि बरणी खाडीत बुडवली.

पाणी करडं आलं...

मी बरणी उजेडात धरून बघितली. माझी नजर तीक्ष्ण आहे, लांबून होडीचा नंबर वाचते मी. बरणीच्या तळाला एक पांढरा कण बसला होता. तांदळाच्या कणीएवढा.

ते काय आहे ते मला कळलं.

कळूनसुद्धा मी ती बरणी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली.

ते भराभर काढायला लागले. जवळून बघितलं तर काहीच नव्हतं. नुसते डाग. नारिंगी, जांभळा, ओला ओला. मी चार पावलं मागे गेले आणि एकदम सगळं उभं राहिलं. धक्का, फेरीबोटीचा दिवा, पाण्यात पडलेला त्याचा लांबडा उजेड, ओळीने तीन होड्या. आणि सगळ्यावर तो करडा अंधार, येऊ घातलेला.

"काय सुंदर करडा आलाय," ते स्वतःशीच म्हणाले. "असा मला आजवर कधी मिळाला नव्हता."



मग मला शेवटच्या होडीत काहीतरी दिसलं. एक उभा डाग.

"ह्यो कोण?" मी विचारलं.

"कुठे? तो होय... कोणी नाही. पाण्याचा थेंब पडला, पसरला. असा पडलेला डाग मी पुसत नाही."

डागाचा डावा खांदा उतरलेला होता.

भिकाजीकाकाचा डावा खांदा तसाच होता. वीस वर्षं होडीचं इंजिन त्याच खांद्यावरून वाहून.

रविवारी रामचंद्रकाका पुण्याला गेले. जाताना ते चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून आईला भेट दिलं. आईला कोण आनंद. तिने ते सोप्यावर लावलं, बाहेरच्या बाकाच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

मी म्हटलं, आत लाव.

"कित्याक? तुका चांगला काय दिसताच नाय," आई म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी मी सोप्यावर बसून मोबाईल बघत होते. आई आत दिवा लावत होती.

आणि एकदम...

गाज थांबली.

समुद्राजवळ न राहणाऱ्याला हे कळणार नाही. आमच्याकडे दर्याची गाज चोवीस तास असते. जन्मापासून असते, म्हणून ती ऐकूच येत नाही. ती थांबली तेव्हाच पहिल्यांदा मला ती होती हे कळलं. कानात बोटं घातल्यासारखं झालं. पोदेराचा भोंगा नाही. कुत्रं नाही. आतून आईच्या भांड्यांचा आवाज नाही.

मग माझ्या डोक्याच्या वर...

टक्. टक्.

लाकडावर लाकूड.

भिकाजीकाका होडी सोडण्याआधी वल्हं दोनदा काठावर आपटायचा. टक्, टक्. आख्ख्या वाड्याला माहीत होतं. त्यावर लोक घड्याळ लावायचे.

मी वर बघितलं. चित्र ओलं झालं होतं. खालच्या कडेवर थेंब जमला होता. मी बोटाने टिपला आणि जिभेला लावला.

खारट.

तेवढ्यात गाज परत आली. पोदेराचा भोंगा पण, अगदी दारात.

"आई, चित्र ओलं झालंय."

आई येऊन बघून गेली. "दमट हवा असा. फडक्यान पूस."

शुक्रवारी भिकाजीकाकाचं दहावं. पायऱ्यांच्या वर पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडावर बसलेले, आठ-दहा तरी. एक पण खाली येईना. एक वाजला. दीड वाजला.

मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून त्याला वचन द्यायचं असतं. मग कावळा शिवतो. सगळे एकेक सांगायला लागले. काकाचा भाऊ म्हणाला, सुशीलाक आमी बघतलो. कोण म्हणालं, श्राद्ध चुकवचे नाय. कावळे ढिम्म.

शेवटी सुशीलामावशी स्वतः पुढे आली. हात जोडले.

"तुमची होडी विकूची नाय. अक्षय चलयतलो. होडी पडान रवाची नाय."

सगळ्यांना वाटलं, आता येणार.

एक कावळा खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला. मान वाकडी करून मावशीकडे बघितलं...

आणि उडून गेला. मागोमाग सगळे गेले.

मी शेडमधून बघत होते. ते कुठे गेले ते फक्त मी बघितलं. आमच्या कौलांवर जाऊन बसले. ओळीने.

दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं जेवायला गेली. मी भात तसाच टाकून उठले. मला वाटलं, भिकाजीकाका सगळा गेलाच नाही. थोडा आमच्या सोप्यावर राहिलाय. मी ठेवलाय.

कोणाला सांगणार? सुशीलामावशीला? तुझ्या नवऱ्याच्या अस्थीचं पाणी मी रंग कालवायला दिलं, म्हणून?

नाही सांगितलं.

तेरावं झालं आणि अक्षयने आयटीआयला जायचं बंद केलं. होडी घेतली. संध्याकाळी खाडीच्या तोंडाला जाळं टाकायचं, आठच्या आत परत. फार लांब नाही.

पहिल्याच दिवशी इंजिन चालू होईना.

मी बघायला गेले होते. तो दोरी ओढून ओढून घामाघूम.

"इंजिनाक पण ठाऊक असा, कोण चलयता तां," मी म्हटलं.

"तू गप रव गो. नापास कंपनी."

"मी नापास नाय. मी सोडली."

"मग मी पण सोडली. बस आता बाजूक, आणि वल्हा धर."

हसलो दोघं. इंजिन चालू झालं नाहीच. घरी आले तर चित्र ओलं. आणि होडीतला डाग...

त्याला हात आला होता.

खरं सांगते. आदल्या दिवशी तिथे हात नव्हता. मी ते चित्र इतक्या वेळा बघितलं होतं की डोळे मिटून सांगितलं असतं. आता खांद्यावरून एक करडी रेघ वर गेलेली. हात उचललेला. धक्क्याच्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी अक्षयने नवा प्लग घातला. इंजिन चालू झालं. धक्क्यापासून वीस हात गेला आणि दोर पंख्यात अडकला. सगळा दोर त्याने स्वतः गुंडाळून ठेवला होता. त्याच वेळी आमच्या सोप्यावर टक्, टक्. आईने पण ऐकलं. ती दिवा तसाच हातात धरून उभी राहिली.

"कोण असा बाहेर?" तिने विचारलं.

"कोण नाय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी अक्षय होडीत चढताना पायरीवरून घसरला. कोरड्या पायरीवरून. कपाळ फुटलं, तीन टाके पडले.

त्या संध्याकाळी चित्रातला हात आणखी वर होता. डाग शेवटच्या होडीत नव्हता. मधल्या होडीत होता.

मला एवढंच दिसत होतं, बाप होडीत उभा आहे आणि हात वर करून पोराला बोलावतोय. आज कपाळ फुटलं. उद्या काय?

अक्षयला काही झालं तर ते माझ्यामुळे. ते पाणी मी भरलं होतं.

मी रामचंद्रकाकांना फोन लावला.

"पाण्याच्या रंगातला डाग काढायचा तर काय करायचं?"

"का गं, काय सांडलं?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "पाण्याचं आहे ते, पाण्यातच जातं. बुडवलंस तर सगळंच जाईल. पण तू कशाला..."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वेळ बघितली. सुकती साडेपाचला जोरात होती. या वेळी चुकायचं नाही, पाणी बाहेरच जात असलं पाहिजे. आई तुळशीकडे गेली तशी मी चित्र भिंतीवरून काढलं, ओढणीत गुंडाळलं आणि पायऱ्यांवर गेले.

अक्षय होडीत होता, कपाळाला पट्टी.

"काय गो ता? रद्दी?"

"तुझो बायोडेटा."

तो हसला. मी खालच्या पायरीवर बसले आणि चित्र पाण्यात धरलं.

पहिल्यांदा नारिंगी गेला. मग फेरीचा दिवा. धक्का विरघळला. होड्या एक एक करून गेल्या. रंग माझ्या बोटांमधून निघाला आणि सुकतीबरोबर दर्याकडे सरकला. कागद पांढरा होत चालला.

तो डाग मात्र जाईना.

मी अंगठ्याने घासला. पाय गेले. अंग गेलं. उतरलेला खांदा गेला.

हात राहिला...

नुसता हात, पांढऱ्या कागदावर. वर उचललेला. पाचही बोटं दिसत होती, आधी कधी दिसली नव्हती. मी डोळे मिटले आणि कागदाचा भुगा होईपर्यंत घासलं.

डोळे उघडले तेव्हा माझ्या हातात पुठ्ठा होता आणि पाण्यावर करडी रेघ, दर्याकडे जाणारी.

माझ्या मागे इंजिन चालू झालं.

एका ओढीत.

"बघितलंस?" अक्षय ओरडला. "एका ओढीत. आज सुटलंय मी."

मला इतकं हलकं वाटलं की रडायला आलं.

"जाऊ गो?" त्याने विचारलं. चेष्टेत. मी कोण त्याला परवानगी देणारी?

"जा," मी म्हटलं.

होडी सरळ गेली. दोर अडकला नाही. काहीच झालं नाही. सूर्य तेरेखोलच्या किल्ल्यामागे गेला तोवर मी त्याच्याकडे बघत होते. लांबून तो होडीत उभा दिसला, एक काळा डाग.

आठ वाजले. नऊ वाजले.

सकाळी होडी मिळाली. तेरेखोलच्या बाजूला खडकांत, अजिबात न फुटलेली. जाळं कोरडं. टाकलंच नव्हतं. इंजिन वर काढून ठेवलेलं, काम झाल्यावर ठेवतात तसं. त्याच्या चपला बसायच्या फळीखाली, जोडीने.

अक्षय नाही.

पोलीस आले, बोटी फिरल्या, वेंगुर्ल्यापर्यंत शोधलं. दर्या शांत होता म्हणतात. पोहायला त्याच्यासारखा गावात कोण नव्हता म्हणतात. आजपर्यंत काही मिळालं नाही. एक कपडा पण नाही.

चौथ्या दिवशी मी सुशीलामावशीकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. पाणी, चित्र, सगळं. ती चुलीसमोर बसली होती, चूल विझलेली.

मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली.

"सिद्धे, माझी चूक झाली गो."

"कसली?"

"अक्षयाचे बाबा जावच्या आदल्या दिसा माका म्हणाले होते. अक्षयाक दर्यार धाडू नको. कायव झाला तरी धाडू नको. दोनदा म्हणाले." ती हाताकडे बघत होती. "मी कावळ्याक उलटा सांगलंय. घर कशार चलतला, म्हणान. माका वाटला, मेल्लो माणूस कित्याक ऐकता?"

मी मनात एकेक दिवस मोजला.

इंजिन चालू झालं नव्हतं. दोर अडकला होता. पायरीवरून घसरला होता. प्रत्येक वेळी तो मागे राहिला होता. प्रत्येक वेळी घरी आला होता.

आणि तो हात वर होता, थांब म्हणताना धरतात तसा.

मी तो हात माझ्या अंगठ्याने घासून काढला.

मी आजपर्यंत मावशीला सांगितलं नाही. आईलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय. इथे केरीचं कोण येत नाही. कदाचित तो खरंच बोलावत असेल. कदाचित मी पुसलं नसतं तरी हेच झालं असतं. कोणाला माहीत असेल तर सांगा. पण मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

मावशी अक्षयचं क्रियाकर्म करू देत नाही. भटजी म्हणाला, अंग मिळालं नाही तर गवताचा पुतळा करून जाळतात, सोडवतात. ती त्याच्या अंगावर धावून गेली. माझा पोर येतलो, म्हणाली.

रोज दिवेलागणीला ती पायऱ्यांवर जाऊन बसते. मला हाक मारते. मी जाते. नाही म्हणायला तोंड नाही मला.

"बघ गो," ती म्हणते. "माका आता दिसना नाय. त्या बाजूक काय हालता?"

"नाय, मावशी."

"बरोबर बघितलंस?"

"बघितलंय."

खोटं. मी माझ्या पायांकडे बघत असते. पायरीवरच्या शेवाळाकडे. वर बघतच नाही.

काल पण गेले होते. फेरीबोट पलीकडे होती. पोदेराचा भोंगा आमच्या घराकडून ऐकू येत होता.

मग तो थांबला.

गाज पण थांबली...

मावशीने माझा हात घट्ट धरला. तिला काहीतरी ऐकू आलं असणार, कारण ती हसली.

"बघ," ती म्हणाली. "आता बघ."

मी बघितलं नाही.